इंजिन तापण्याची जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, बंदरामागच्या चढावर निळ्या दाराच्या घरात राहणारी, 'सावकाश' या बोटीच्या मालकाची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. शेजारणीचे मत वेगळे आहे, पण तिला कुणी विचारलेले नाही. हे लिहावे म्हणून माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. लिहू नये म्हणून मात्र माझ्या धाकट्याने बरीच करून पाहिली. गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे. लिहायची घाई गुडघ्यांमुळे नाही, येत्या सोमवारच्या बैठकीमुळे आहे. ते सातव्या कलमात येईल.

वाचनालयातून मी नमुन्याचे पुस्तक आणले होते. त्यातल्या गृहस्थाला तीन बंगले आणि दोन बायका आहेत. त्याचे कागद माझ्या काही कामाचे नाहीत. वकीलबाई, ज्या माझ्या मुलीच्या वर्गात होत्या, म्हणाल्या, "काकू, थोडक्यात लिहा." थोडक्यात लिहायचे असते तर मी त्यांनाच लिहायला दिले असते. मला अक्षरे उशिरा भेटली. लग्नानंतर धक्क्यावर बोटींची वाट बघत उभी असायची, तेव्हा त्यांच्या नाकांवर रंगवलेली नावे लावत लावत वाचायला शिकले. बोटी रोज जातात आणि रोज येतात, त्यामुळे उजळणी आपोआप होते. इतक्या कष्टाने आलेली गोष्ट मी थोडक्यात आटोपणार नाही.

कलम पहिले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करायलाही काही नाही. माझ्या पतींनीही केले नव्हते. "मेल्यावर बोलायला कुणाला आवडतं?" असे ते म्हणायचे. जिवंतपणीही त्यांना फारसे आवडायचे नाही. त्यांच्यामागे त्यांचे जे काही होते ते कायद्याने तिघांचे झाले: माझे, थोरल्या मुलीचे आणि धाकट्या मुलाचे, सारखे तीन वाटे. घर आणि बोट दोघांनी सह्या करून माझ्या नावावर केली, बाकीचे तसेच राहिले. वाचणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

थोरली समुद्रातल्या पवनचक्क्यांवर देखभालीचे काम करते. अंगाला पट्टे बांधून खांबाच्या टोकापर्यंत चढते, म्हणून बंदरावर तिला 'वरची बाई' म्हणतात. धाकट्याला सगळे 'छोट्या' म्हणतात, आणि दारातून आत येताना तो आडवा वळून येतो. तो मासेमारी करतो. ह्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. तेव्हापासून ही भावंडे एकमेकांशी बोलत नाहीत. ह्यांना पोचवून आल्यावर धाकटा सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "तू आता कंपनीचं माणूस." तेवढेच ते वाक्य. ती त्यानंतर घरी येते, पण तो गेल्यावर.

कलम दुसरे. घर थोरलीला द्यावे. खालची खोली जाळ्यांसाठी धाकट्याकडे राहील आणि तिथल्या वासाबद्दल थोरलीने तक्रार करू नये. त्याच वासात ती मोठी झाली आहे. स्वयंपाकघराची खिडकी बुजवू नये. तिच्यातून बंदराचे तोंड दिसते. खिडकीतल्या कुंड्या मी कायम डावीकडे सरकवून ठेवत आले, कारण बोट उजवीकडून आत येते. ह्यांची बोट वळताना दिसली की मी चहाचे आधण चढवायचे, आणि त्यांना आयुष्यभर वाटत राहिले की या घरात चहा नेहमी तयारच असतो. अजूनही बोट वळली की माझा हात भांड्याकडे जातो. धाकटा येतो, चहा पितो, काही बिघडत नाही.

कलम तिसरे. 'सावकाश' ही बोट इंजिन, जाळी आणि जाळे ओढायच्या यंत्रासह धाकट्याला द्यावी. मात्र थोरलीला वाटेल त्या दिवशी, न विचारता, तीत बसून जाण्याचा हक्क राहील. तिने कुठेही बसावे, यंत्राच्या वाटेत सोडून. हे लिहावे लागते, कारण तिच्या वडिलांनी तिला बंदराच्या तोंडापलीकडे कधी नेले नाही. धाकटा दुधाचे दात पडायच्या आधीपासून बोटीवर, आणि ही धक्क्यावर दोर धरून. "उन्हात काळी पडेल पोर," म्हणायचे. आता ती समुद्राच्या मध्यावर खांबाच्या टोकाशी बसते. तिथे ऊन जास्त आहे.

कंपनीची नोकरी लागल्याचे तिने सांगितले तेव्हा ह्यांनी जाळ्यातून मान वर केली नाही. एवढेच म्हणाले, "वर चढ, पण खाली बघून उतर." आमच्या घरात याला आशीर्वाद म्हणतात.

कलम चौथे. बँकेत जे असेल त्यातून आधी मला पोचवण्याचा खर्च आणि वाचनालयाचा दंड भागवावा. उरले तर दोघांत वाटावे. मोजायला दोघांनी वेळ काढून बसू नये, लगेच संपेल.

कलम पाचवे. जाळे सांधायच्या माझ्या सुया सुनेला. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. तोंडावर सांगायला जमले नाही, म्हणून इथे लिहिते. माझे दोन्ही चष्मे वाचनालयाला द्यावेत, म्हणजे घरी चष्मा विसरून येणाऱ्यांची सोय होईल. दाराजवळच्या खुंटीवर ह्यांचा पिवळा रेनकोट आहे. तो मी हलवलेला नाही आणि हलवणार नाही. ज्याला थंडी वाजेल त्याने न्यावा.

कलम सहावे. चुलत दीर, ज्यांना त्यांच्या चेहऱ्यामुळे सगळे बंदर 'तुरटी' म्हणते, त्यांना काहीही देऊ नये. त्यांनी हयातभर सांगितले की माझ्या नवऱ्याने त्यांची मासेमारीची जागा चोरली. माझा नवरा हयातभर हेच त्यांच्याबद्दल सांगत होता. आमच्या बंदरात चांगली जागा कुणी कुणाला दाखवत नाही, सख्ख्या भावालाही नाही. समुद्रात एक बोट जाळे टाकून थांबलेली असली आणि दुसरी जवळून गेली, तर थांबलेला हात वर करून ओरडतो, "इंजिन तापलंय!" जाणारा ओरडतो, "थंड होऊ दे!" आणि पुढे जातो. झाले. कुणी काही पाहिले नाही, कुणाची जागा कुणाला कळली नाही. तुरटीभावजी ह्यांच्या अंत्यविधीला उशिरा आले तेव्हाही मला म्हणाले, "इंजिन तापलं होतं." पायी आले होते.

तुरटीभावजींनी या कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलबाई सांगतात. त्या हिशेबाने त्यांच्याइतका योग्य माणूस बंदरात नाही.

कलम सातवे. आता मुद्द्याचे.

पवनचक्क्यांची पहिली रांग उभी राहायच्या आधी कंपनीने शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या बोटमालकांना बोलावले होते. टेबलावर समुद्राचा मोठा नकाशा आणि हिरव्या पेन्सिली. नकाशेवाला साहेब तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "तुम्ही जिथं मासे पकडता ती जागा हिरवी करा. तिथं आम्ही खांब रोवणार नाही."

आता, सगळे बंदर खांद्यावरून वाकून बघत असताना आपली खरी जागा कोण हिरवी करणार? ह्यांनी चिखलपट्टी रंगवली. तिथे चिखल आहे आणि जुने टायर आहेत. तुरटीभावजींना वाटले, हा रंगवतोय म्हणजे काहीतरी असणार, आपण वेगळे कशाला दाखवायचे. त्यांनीही तीच रंगवली. मग सगळ्यांनी. पेन्सिल संपेपर्यंत चिखलपट्टी रंगवली.

कंपनीने शब्द पाळला. चिखलपट्टीभोवती भला मोठा चौकोन सोडला, त्यावर 'मासेमारीसाठी राखीव' असे छापले, आणि खांब नेऊन रोवले ते खडकाळ पाठीवर, जिथे आमची निम्मी मासळी होती. तक्रार कुणी करायची? जो करील त्याला आधी सांगावे लागेल की मी खोटे रंगवले. तेव्हापासून सगळ्या बोटी त्या रिकाम्या चौकोनाला वळसा घालून जातात आणि कुणी तिकडे बघत नाही. खांबांच्या मधून जायला बंदी नाही, पण बुडाशी दगड रचलेत, त्यांत ओढायचे जाळे फाटते. त्या दगडांत खेकडे भरपूर झाले आहेत असे थोरली सांगते. धाकटा म्हणतो, सापळे लावणे हे पोरांचे काम.

राहिली एक जागा. ह्यांची शेवटची. ती कुठे आहे ते मला माहीत नाही, मी विचारले नाही. जायच्या आधी इस्पितळात धाकट्याचा हात धरून त्यांनी त्याला शपथ घातली: जागा कुणाला सांगायची नाही. धाकटा तिच्यावर घर चालवतो.

आता कंपनी दुसरी रांग आखते आहे आणि सोमवारी पुन्हा नकाशा, पुन्हा हिरव्या पेन्सिली. धाकटा म्हणतो, मी जाणार नाही, आणि गेलो तर चिखलच रंगवीन. त्याने तसे केले तर ती जागाही जाईल, आणि मग 'सावकाश' धक्क्याला बांधून ठेवायची वेळ येईल. थोरलीच्या तोंडून मी एवढेच ऐकले आहे, "खांब कागदावर असेपर्यंत हलवता येतो, आई. रोवल्यावर नाही."

म्हणून मी ती जागा या मृत्युपत्राने देत आहे. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, समुद्र कुणाच्या नावावर नसतो. तो देता येत नाही."

म्हटले, "मी समुद्र देत नाही. त्याची माहिती देते. ती ह्यांची होती की नाही?"

"होती."

"ते मृत्युपत्र न करता गेले. म्हणजे तिचेही तीन वाटे झाले. धाकटा गेले दोन पावसाळे बहिणीचा आणि माझा वाटा न विचारता वापरतोय."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. असे कलम त्यांनी पाहिले नव्हते, पण चूक काय ते त्यांना सांगता येईना.

तर माझा तिसरा वाटा मी दोघांना निम्मानिम्मा देते, या अटीवर की धाकट्याने थोरलीला बोटीत बसवून जागेवर न्यावे आणि ती आपल्या तोंडाने सांगावी. ह्यांनी घातलेली शपथ मी सोडवते. ज्यांच्यासाठी जागा जपायची त्यांच्याच पायाखालून ती जाणार असेल, तर शपथ कुणाच्या उपयोगाची?

इथवर लिहून झाल्यावर वकीलबाईंनी एक अडचण काढली. "मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं, काकू."

"आणि बैठक सोमवारी."

"हो."

"म्हणजे मला रविवारपर्यंत आटपायला हवं."

"अहो, काहीतरीच!"

मलाही ते सोयीचे नव्हते. वाचनालयातून आणलेली कादंबरी अर्धी राहिली होती. म्हणून सातवे कलम मी जिवंतपणीच अमलात आणायचे ठरवले.

कलम सातवे, पुढे चालू. वकीलबाई म्हणतात खाडाखोड करू नका, खाली लिहा. म्हणून जे झाले ते खाली लिहिते.

गुरुवारी दुपारी मी दोघांना एकाच वेळी चहाला बोलावले आणि दोघांना सांगितले की दुसरे येणार नाही. टेबलाच्या दोन टोकांना दोघे बसले.

"आई, हिला सांग, कपात माशी पडलीय."

"आई, त्याला सांग, दिसतीय मला. वरून तर आणखी चांगली दिसते."

मी कागद काढून पहिल्यापासून वाचला. तुरटीभावजींच्या कलमाला दोघेही हसले, पण एकमेकांकडे न बघता. सातव्याला धाकटा उठून उभा राहिला.

"बाबांची शपथ आहे, आई. तू कोण सोडवणारी?"

"मी त्यांची बायको. त्यांच्या निम्म्या शपथा मीच निस्तरल्यात. मासळी बाजारात परत पाय ठेवणार नाही अशी शपथ त्यांनी किती वेळा घेतली होती ते विचार तुझ्या बायकोला."

"आणि ही उद्या जाऊन कंपनीला सांगेल. सांगितली नसेलच कशावरून? पहिल्या जागेचं काय झालं?"

थोरली कपाकडे बघत होती. "पहिली जागा तुम्ही सगळ्यांनी चिखल रंगवून घालवलीत. मी तेव्हा कंपनीत नव्हते, छोट्या." मग म्हणाली, "आणि दुसरी मला माहीत आहे."

धाकटा खाली बसला.

"खांबावरून सगळं दिसतं. कुणाचं इंजिन कुठं तापतं ते मी रोज जेवणाचा डबा खाताना बघते. तुझं कुठं तापतं, तुरटीकाकांचं कुठं तापतं, सगळं. बाबा होते तेव्हा त्यांचंही बघायची. हात करायची मी वरून. त्यांना काय दिसणार."

"मग कंपनीला सांगितलं का नाहीस?" धाकट्याचा आवाज बारीक झाला होता. "माहीत होतं तर सांगायचंस. वाचली असती."

"मला कुणी सांगितलीच नाही ती. जे मला कुणी सांगितलं नाही ते मी दुसऱ्याला कसं सांगू?"

मी दोघांच्या कपात पुन्हा चहा ओतला, कारण करण्यासारखे दुसरे काही नव्हते. धाकट्याने तो उभ्याने संपवला. दारातून आडवा होऊन बाहेर पडताना पाठमोराच म्हणाला, "उद्या पहाटे ये. ते कंपनीचे बूट नकोत. घसरतात."

"कंपनीचे बूट घसरत नाहीत."

"माझ्या बोटीवर घसरतील."

"कलम तीन. मी वाटेल ते बूट घालीन."

"ताई," तो म्हणाला. तो शब्द या घरात दोन पावसाळ्यांनी आला. "कलम तीनमध्ये बुटांचं काही नाही. मी नीट ऐकलंय."

शुक्रवारी मी कुंड्या आणखी थोड्या डावीकडे सरकवल्या. उजाडता उजाडता 'सावकाश' बंदराच्या तोंडातून बाहेर पडली आणि तिच्यावर दोन डोकी होती. एक पिवळे होते. मी मागे वळून पाहिले, खुंटी रिकामी होती. मला वाटले होते, ती रिकामी झाली की मला सोसणार नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. सोसले.

ते दोघे समुद्रात काय बोलले ते मला माहीत नाही. परत आल्यावर थोरली एवढेच म्हणाली, "पाण्याची टाकी आणि दीपगृह एका रेषेत आलं की इंजिन बंद करायचं. त्यानं सांगितलं मला." जशी काही बातमी आणली होती.

सोमवारी हॉलमध्ये मीही गेले. तोच नकाशेवाला, आता केस कमी झालेले. त्याने पेन्सिली ठेवल्या आणि सगळे बंदर छताचे पंखे बघू लागले. तुरटीभावजी तर पेन्सिल हातात घेऊन चिखलपट्टीवर वाकलेच होते. तेवढ्यात धाकटा उठला, त्यांना खांद्याने बाजूला केले आणि दुसरीकडे एक लांबट पट्टा हिरवा करू लागला. सावकाश, कडा सांभाळून, शाळेत कधी रंगवले नव्हते इतके नीट. मागच्या माना लांब झाल्या.

"अरे ए," तुरटीभावजी ओरडले, "इथं तर माझं इंजिन तापतं!"

"माझंही," मागून कुणीतरी म्हणाले.

"माझं तर गेल्याच आठवड्यात तापलं!"

मग जी झुंबड उडाली तीत दोन पेन्सिली मोडल्या. जो तो तोच पट्टा रंगवत होता. सगळ्यांनी सगळ्यांपासून एकच जागा लपवली होती, आणि सगळ्यांना ते ठाऊक होते, फक्त उच्चारायची पद्धत नव्हती. नकाशेवाला गोंधळला. त्याने कंपनीच्या माणसांत बसलेल्या थोरलीला बाजूला घेऊन विचारले, "या भागात इतकी इंजिनं तापण्याचं काही तांत्रिक कारण आहे का?"

ती चेहरा न हलवता म्हणाली, "आहे. खाली मासळी आहे."

रांग सरकवून आखू, असे कंपनीने बैठकीच्या कागदावर लिहून दिले आहे. सगळीच वाचली असे नाही. पट्ट्याच्या एका कोपऱ्यातून केबल जाणार, ती खोल पुरायची यावर थोरली आणि धाकटा मिळून भांडत आहेत, यावेळी एकाच बाजूने. खांब कमी होऊ नयेत म्हणून कंपनीला दुसरी जागा हवी होती. तेव्हा सगळ्या बंदराने एका आवाजात आपला राखीव चौकोन देऊ केला. कंपनीचे साहेब गहिवरले. म्हणाले, मच्छीमारांनी मोठे मन दाखवले. आम्ही सगळे चिखलासाठी माना खाली घालून आभार स्वीकारत होतो. धाकट्याने खेकड्यांचे सापळे उसने आणले आहेत, बंदरावर सांगतो की बायकोच्या हौसेखातर.

तेव्हा सातव्या कलमात आता वाटायला काही उरलेले नाही. जागा सगळ्यांची झाली. ह्यांना कळले असते तर ते दोन दिवस बोलले नसते. मला न बोलणे आणि नसणे यांतला फरक आता चांगला कळतो, आणि ते दोन दिवस मी आनंदाने काढले असते. तिसऱ्या दिवशी विचारले असते, "कडा नीट रंगवल्या का त्यानं?"

पाचव्या कलमातला रेनकोट दिला गेला आहे असे समजावे.

कलम आठवे आणि शेवटचे. मी गेल्यावर भाषणे नकोत. दोघांनी मिळून 'सावकाश' टाकी आणि दीपगृहाच्या रेषेत न्यावी, इंजिन बंद करावे आणि थोडा वेळ काही न करता बसावे. कुणी जवळून गेले आणि विचारले, तर काय सांगायचे ते दोघांना माहीत आहे.

हे सगळे माझ्या इच्छेप्रमाणे पार पाडण्याचे काम वकीलबाईंकडे. मी हे सर्व पुन्हा वाचले आहे, मला समजले आहे, आणि नमुन्याच्या पुस्तकापेक्षा बरे झाले आहे.

ठिकाण : स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक : बैठकीनंतरचा गुरुवार, आकडा वकीलबाई घालतील.

सही : 'सावकाश'च्या मालकाची बायको

आमच्या देखत त्यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली :

साक्षीदार पहिली : वाचनालयाची बाई. (दंड माफ केला आहे. कादंबरी पुरी करून मगच परत आणावी.)

साक्षीदार दुसरा : चुलत दीर, बंदरात तुरटी म्हणतात तो. मला काही मिळालेले नाही हे वाचून सही केली. कलम आठच्या दिवशी माझी बोट जवळून जाईल. मी विचारणार काही नाही. एवढेच ओरडीन : वहिनी, थंड होऊ दे.